मांजरीने दूध दिले? – एका ‘ने’ची चौकशी

सातारकरीण (प्रश्न)

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने गेल्या वर्षी साताऱ्याहून वडोदऱ्यास आले आणि हळूहळू गुजराती शिकते आहे. लिपी लवकर आली, शब्दही पुष्कळसे ओळखीचे निघाले, त्यामुळे ही भाषा आपल्याला दोन महिन्यांत येईल अशा भ्रमात मी होते. तो भ्रम शेजारच्या मासींनी एका वाक्यात घालवला. सकाळी दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, “सवारे बिलाडीने दूध आप्युं.” बिलाडी म्हणजे मांजर, आप्युं म्हणजे दिले, इतके मला कळत होते. मराठी कानाने मी जो अर्थ लावला तो असा, की सकाळी मांजरीने दूध दिले. मी आश्चर्याने त्यांच्याकडे पाहत राहिले, तेव्हा त्यांनी रिकामी वाटी दाखवली आणि मग उलगडा झाला. मासींनी मांजरीला दूध दिले होते.

म्हणजे मराठीत ‘ने’ लागला की ते नाम काम करणारे असते आणि गुजरातीत तोच ‘ने’ लागला की ते नाम घेणारे किंवा भोगणारे ठरते. शेजारच्या दोन राज्यांत, आणि शेकडो वर्षे एकमेकींच्या सहवासात असलेल्या दोन भाषांत, एकच अक्षर इतके उलटे कसे चालू शकते? या दोन्ही ‘ने’चे मूळ एक आहे की हा केवळ योगायोग आहे?

याला जोडून दुसरी शंका. माझी मैत्रीण पुण्यात जपानी शिकते. तिच्या बोलण्यात वाक्याच्या शेवटी सारखा ‘ने’ येतो आणि त्याचा अर्थ आपल्या ‘ना’सारखा असतो, असे ती सांगते. ‘अत्सुई देसु ने’ म्हणजे ‘उकडते आहे, ना?’ गुजरातीतही मी ‘आवशो ने?’ असे ऐकले आहे. आता या साऱ्यांचा परस्परांशी काही संबंध आहे का? शिवाय फ्रेंच आणि चिनी भाषांतही ‘ने’ आहे असे वाचले. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

मांडवीचा_रहिवासी

आमची ही वडोदऱ्यातली चौथी पिढी. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. त्यामुळे आपला गोंधळ मला अपरिचित नाही, पण तो आम्हाला बालपणी झाला आणि आठवणीत राहिला नाही, इतकेच.

प्रथम व्यवहाराची गोष्ट. गुजरातीत भूतकाळी क्रियेच्या कर्त्याला ‘ने’ लागत नाही, ‘ए’ लागतो. मांजरीने दूध प्यायले हे सांगायचे असेल तर ‘बिलाडीए दूध पीधुं’ असे म्हणतात. ‘बिलाडीए’ आणि ‘बिलाडीने’ यांतला फरक कानात पक्का बसला की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे क्रियापद करते. मराठीत ‘रामाने सीतेला पाहिले’ म्हणताना क्रियापद नपुंसकलिंगी होऊन बाजूला उभे राहते, कारण ‘ला’ लागल्यावर कर्माचा आणि क्रियापदाचा संबंध सुटतो. गुजरातीत तो सुटत नाही. ‘रामे सीताने जोई’ यात सीतेला ‘ने’ लागूनही क्रियापद स्त्रीलिंगीच राहते, आणि रामाने रावणाला मारल्यास ‘रामे रावणने मार्यो’ असे पुल्लिंगी होते. म्हणून नुसते ‘रावणने मार्यो’ एवढेच कानावर पडले तरी गुजराती माणसाला मार कोणाला बसला याविषयी शंका येत नाही.

दुसरे म्हणजे, आपण ज्याला एक ‘ने’ समजत आहात ते तीन आहेत. पहिला विभक्तीचा, जो नामाला चिकटून लिहितात. दुसरा ‘अने’चे आखूड रूप, म्हणजे ‘आणि’: ‘चा ने नास्तो’ म्हणजे चहा आणि नाश्ता. तिसरा आपण ऐकलेला आर्जवाचा, ‘तमे आवशो ने?’ यातला, ज्याला मराठीत ‘तुम्ही याल ना?’ असेच म्हणावे लागेल. तिन्ही एका वाक्यात सुखाने नांदतात: ‘बाने चा ने नास्तो आप्यो ने?’ म्हणजे ‘बाला चहा आणि नाश्ता दिला ना?’ आमच्या घरच्या मराठीत हा तिसरा ‘ने’ केव्हाच शिरला आहे. आम्ही मुले ‘आजी, तू गोष्ट सांगशील ने?’ असे म्हणत असू आणि मूळची कोल्हापूरची असलेली आजी प्रत्येक वेळी न चुकता विचारीत असे, “सांगते, पण कुठे नेऊ?”

---

निवृत्त_मास्तर

सातारकरीणताई, आपण विचारलेल्या मूळाच्या प्रश्नाला अभ्यासकांनी एकच उत्तर दिलेले नाही, पण त्यांनी जे मार्ग शोधले ते फार मनोरंजक आहेत.

आपण शाळेत तृतीयेचे प्रत्यय ‘ने, ए, शी’ असे घोकले. त्यातला ‘ए’ आज कोठे दिसतो, असे मी वर्गात विचारीत असे, तेव्हा मुले गप्प होत. तो दिसतो जुन्या मराठीत. कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हा जो प्रसिद्ध लेख कोरलेला आहे, त्यात ‘चावुंडराजाने करविले’ असा अर्थ असूनही ‘ने’ नाही, ‘एं’ आहे. ज्ञानेश्वरीतील पसायदान ‘आतां विश्वात्मकें देवें’ असे सुरू होते, त्यातही ‘देवाने’साठी ‘देवें’ आहे. वडोदऱ्याचे आपले मित्र ज्या ‘बिलाडीए’ आणि ‘रामे’ यांचे उदाहरण देतात तो हाच जुना सांधा आहे. म्हणजे कर्त्याला ‘ए’ लावण्याची रीत एके काळी दोन्हीकडे होती. गुजरातीने ती राखली आणि मराठीत तिची जागा ‘नें’ने घेतली. हा ‘नें’ पूर्वी सानुनासिक होता, म्हणून जुन्या छपाईत ‘रामानें’ असे दिसते. 1962 च्या लेखनविषयक नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले तेव्हा त्याच्या डोक्यावरचा ठिपकाही गेला.

हा ‘नें’ आला कोठून, याविषयी जुने मत असे, की संस्कृतातल्या ‘देवेन’, ‘नरेण’ यांतील ‘एन’ हा प्रत्यय त्याच्या मुळाशी आहे. ऐकायला ते पटते. परंतु गुजराती आणि राजस्थानी ‘ने’ हा ‘ला’चे काम करतो, आणि तो ‘एन’पासून आला असे म्हणणे कठीण जाते, कारण ‘एन’ कधीच घेणाऱ्याचा प्रत्यय नव्हता. जुन्या पश्चिम राजस्थानीचा अभ्यास करणारे इटालियन पंडित लुइजी पिओ तेस्सितोरी, ज्यांचे 1919 साली बिकानेर येथे निधन झाले, त्यांनी या ‘ने’चा माग ‘कन्हइँ’ या रूपापर्यंत आणि तेथून संस्कृतातल्या ‘कर्ण’ या शब्दापर्यंत काढला. कर्ण म्हणजे कान, कानाशी म्हणजे बाजूला, जवळ. राजस्थानात आजही ‘म्हारे कने’ म्हणजे ‘माझ्यापाशी’. जवळ या अर्थाच्या शब्दापासून ‘ला’ निपजणे स्वाभाविक आहे, कारण दूध मांजरीजवळ ठेवले म्हणजेच मांजरीला दिले. मला स्वतःला तेस्सितोरींची वाट अधिक विश्वासार्ह वाटते. हिंदीतला कर्त्याचा ‘ने’ देखील याच वाटेने आला असावा असे मानणारे अभ्यासक आहेत. म्हणजे, आपल्या कानाला विरोधी वाटणाऱ्या दोन कामांचे ‘ने’ एकाच घरातून निघाले असण्याची शक्यता मोडीत काढता येत नाही.

याचा जिवंत पुरावा हवा असेल तर हरियाणात जावे. तेथे ‘मन्नै’ म्हणजे ‘मी’ही आणि ‘मला’ही. ‘मन्नै मारा’ एवढे अर्धे वाक्य ऐकून मारणारा कोण आणि मार खाणारा कोण हे सांगता येणार नाही, पुढचे-मागचे ऐकावे लागेल. दिल्लीच्या पंजाबी वळणाच्या हिंदीत ‘मुझे जाना है’ऐवजी ‘मैंने जाना है’ म्हणतात आणि व्याकरणाचे कैवारी त्यावर कपाळाला आठ्या घालतात. तेथेही ‘ने’ आपल्या ‘मला जायचे आहे’मधल्या ‘ला’च्या आसनावर बसलेला आहे. खुद्द पंजाबीत तर ‘मुंडे खेड रहे ने’ म्हणजे ‘मुलगे खेळत आहेत’, आणि तेथे ‘ने’ हे चक्क ‘आहेत’ या अर्थाचे क्रियापद आहे.

मराठीत मात्र एक गमतीची उणीव आहे. हिंदीत ‘मैंने’ आणि ‘तूने’ होतात, आपण मात्र ‘मी भाकरी खाल्ली’, ‘तू भाकरी खाल्लीस’ असे म्हणतो. ‘त्याने’ आणि ‘तिने’ म्हणताना ‘ने’ हजर असतो, पण मी आणि तू यांच्या वाट्याला तो येत नाही. नव्याने मराठी शिकणारे हिंदीभाषक ‘मीने खाल्ली’ म्हणतात ते याचमुळे, आणि त्यांना हसण्याआधी आपण असे का करतो याचे उत्तर शोधून पाहावे.

शेवटी आपल्याच घरातली एक विसरलेली वस्तू. जुन्या मराठीत ‘ने’ नकाराचेही काम करीत होता. ‘नेदी’ म्हणजे देत नाही, ‘नेघे’ म्हणजे घेत नाही, आणि ‘नेणे’ म्हणजे जाणत नाही. ‘न’ पुढच्या क्रियापदाला चिकटून हे शब्द झाले. ‘जाणते-नेणते’ या जोडीत तो नकार अजून शिल्लक आहे. त्यामुळे ‘नेणता’ म्हणजे नेणारा नव्हे आणि ‘नेता’ म्हणजे न जाणणारा नव्हे, निदान व्याकरणाच्या दृष्टीने.

---

दर्यावर्दी_रत्नागिरी

मास्तरांच्या लेखनापुढे माझे अनुभव किरकोळ आहेत, तरी ‘ने’ने मला दोन बंदरांत दोन वेळा चकवले, म्हणून लिहितो. मालवाहू जहाजावर माझी सत्तावीस वर्षे गेली.

ग्रीसमधल्या पिरेअस बंदरात पहिल्यांदा गेलो तेव्हा धक्क्यावरच्या एका ग्रीक कामगाराला इंग्रजी येत नव्हते आणि मला ग्रीक येत नव्हते. भाजीपाल्याची खोकी जहाजावर चढवायची होती. मी एका खोक्याकडे बोट दाखवून खुणेने ‘हे नेऊ का?’ असे विचारले. तो म्हणाला, “ने, ने.” मी खोके उचलले. दुसऱ्याकडे बोट दाखवले, पुन्हा “ने”. या माणसाला मराठी कसे येते, या विचाराने मी थक्क झालो होतो. सगळी खोकी हलवून झाल्यावर आमच्या चीफ कुकने सांगितले, की ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’. नाही म्हणायचे असेल तर ते ‘ओही’ म्हणतात. म्हणजे आम्ही दोघेही आपापल्या भाषेत बोलत होतो आणि एकाही खोक्याचा घोटाळा झाला नाही.

तेच ज्ञान घेऊन पुढच्या फेरीत काळ्या समुद्रावरच्या बुर्गास बंदरात उतरलो. हे बल्गेरियात येते. तेथे दुकानदाराला विचारले, सिमकार्ड आहे का? तो “ने” म्हणाला आणि मी पैसे काढून उभा राहिलो. बल्गेरियन भाषेत ‘ने’ म्हणजे ‘नाही’. त्यातही तो डोके वर उडवून सांगत होता, जे मला होकारासारखे वाटले. ‘हो’साठी ते ‘दा’ म्हणतात आणि मान आडवी हलवतात, साधारण आपल्याकडे दक्षिण भारतात हलवतात तशी. शब्द आणि मान दोन्ही उलटी, मग माणसाने धरायचे काय?

आता नकाशा उघडून पाहावा. एडिर्ने या तुर्की शहराजवळ एका नदीवर बल्गेरिया, ग्रीस आणि तुर्कस्तान या तिघांच्या सीमा भेटतात. नदी एकच, तिला बल्गेरियन लोक मरित्सा म्हणतात, ग्रीक एव्रोस म्हणतात आणि तुर्क मेरिच म्हणतात. तुर्की भाषेत ‘ने’ म्हणजे ‘काय’. ‘बु ने?’ म्हणजे ‘हे काय?’ तर त्या संगमावर तिघे उभे राहिले आणि प्रत्येकाने ‘ने’ असे म्हटले तर एकाने हो म्हटले, दुसऱ्याने नाही म्हटले आणि तिसऱ्याने काय म्हणून विचारले असे होईल. जवळच्या शहराच्या नावाच्या शेवटी ‘ने’ असावा, हा तर निव्वळ वाह्यातपणा आहे.

---

शंकासूर

दर्यावर्दींचा किस्सा वाचून हसलो, आणि म्हणूनच थोडे विरजण घालणे भाग आहे. या चर्चेत तीन वेगळ्या गोष्टी एका पंगतीत बसल्या आहेत, त्यांना उठवून वेगळे बसवतो.

बल्गेरियन ‘ने’, चेक ‘ने’, लिथुआनियन ‘ने’, संस्कृत ‘न’, फारसी ‘न’ आणि मास्तरांनी सांगितलेला ‘नेदी’तला नकार हे खरे नातेवाईक आहेत. ते नुसते सारखे दिसतात म्हणून नव्हे, तर या भाषांतील इतर शेकडो शब्दांतही ध्वनींचा असाच नियमित मेळ आढळतो म्हणून. याच कुळात तुर्कीतला एक पाहुणा येतो. तुर्की ही या कुळातली भाषा नाही आणि तिचा ‘काय’ अर्थाचा ‘ने’ तिचा स्वतःचा आहे. परंतु ‘ने चाय ने कहवे’ म्हणजे ‘ना चहा ना कॉफी’, यातला ‘ने’ तिने फारसीतून घेतला. मांडवीकरांच्या ‘चा ने नास्तो’मध्ये दोन्ही मिळतात आणि इस्तंबूलच्या ‘ने चाय ने कहवे’मध्ये एकही मिळत नाही, हे भुकेल्या प्रवाशाने ध्यानात ठेवावे.

ग्रीक ‘ने’ची गोष्ट निराळी आहे. प्लेटोच्या काळी तो ‘नाइ’ असा उच्चारला जात असे. ग्रीक भाषेतले ‘आइ’ पुढे ‘ए’ झाले आणि तेव्हा कोठे हा होकार शेजारच्या नकाराशी जुळला. म्हणजे त्या नदीवरची गंमत मूळची नाही, उच्चार झिजून नंतर उद्भवलेली आहे.

फ्रेंच आणि चिनी यांना या यादीतून वगळावे. रोमन लिपीतली अक्षरे तीच दिसतात म्हणून आपण त्यांना ‘ने’ वाचतो. फ्रेंच नकाराचा उच्चार ‘न’च्या जवळ आहे, आणि बोलण्यात फ्रेंच लोक तो बहुधा गाळतातच, कारण नकाराचे ओझे आता ‘पा’ या जोडीदारावर आले आहे. या ‘पा’चा मूळ अर्थ पाऊल असा होता. ‘एक पाऊलही चालत नाही’ असे म्हणता म्हणता पाऊल राहिले आणि ‘नाही’ निघून गेले. चिनी भाषेत ‘आणि तू?’ असे विचारताना शेवटी येणाऱ्या शब्दाचा उच्चारही ‘न’च्याच जवळ जातो.

जपानी ‘ने’, गुजरातीचा आर्जवी ‘ने’ आणि मराठी ‘ना’ यांचे काम एक आहे, परंतु त्यांच्यात नाते सिद्ध झालेले नाही. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये अगदी याच कामासाठी वाक्याच्या शेवटी ‘नॅ’ येतो, आणि त्याची जन्मकथा सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे: ‘नाही का’ या अर्थाचे ‘नाऊँ ए’ हे दोन शब्द घाईत बोलून तो झाला. लॅटिनमध्ये प्रश्न विचारताना पहिल्या शब्दाला ‘ने’ चिकटवीत, ‘वेनिस’ म्हणजे येतोस आणि ‘वेनिसने’ म्हणजे येतोस का. चार ठिकाणी चार वाटांनी माणसे एकाच आवाजापाशी आली आहेत. ‘न’ हे बहुतेक साऱ्या भाषांत असलेले व्यंजन आहे, ‘ए’ हाही पुष्कळ भाषांत आढळणारा स्वर आहे, आणि जे शब्द दिवसातून शंभर वेळा तोंडात येतात ते झिजून एका अक्षराचे होतात. असे एकाक्षरी शब्द जगात थोडेच संभवतात, तेव्हा त्यांची टक्कर न होणे हेच नवल ठरले असते.

कोरियन राहिले. तेथे ‘ने’ म्हणजे हो, स्वर चढवला तर ‘काय म्हणालात?’, आणि नामाआधी आला तर चार. ‘जेवला नाहीत का?’ असे कोरियन माणसाला विचारले आणि तो जेवला नसेल, तर तो ‘ने’ म्हणतो, म्हणजे ‘हो, आपण म्हणता ते बरोबर’. कोरियन शिकू लागलेल्या मराठी माणसाला यात अडखळायला होत नाही, कारण आपणही ‘हो, नाही जेवलो’ असेच म्हणतो.

---

सातारकरीण

सर्वांची मनापासून आभारी आहे. मास्तर, श्रवणबेळगोळचे वाक्य लहानपणापासून पाठ होते, पण त्यातला ‘एं’ आज पहिल्यांदा दिसला, आणि तोही मासींच्या ‘बिलाडीए’मुळे.

काल मुद्दाम प्रयोग केला. मासींना म्हटले, “बिलाडीए दूध पीधुं?” त्या म्हणाल्या, “पीधुं ने!” आता हा ‘ने’ मांडवीकरांच्या तिघांपैकी कोणता? येथे प्रश्नही नव्हता आणि आर्जवही नव्हते.

---

मांडवीचा_रहिवासी

तो तिसराच, फक्त उत्तरात आलेला. ‘प्यायले की!’ म्हणताना आपण जो ‘की’ लावतो, त्याच्या जागी तो बसतो. यात ‘हे काय विचारणे झाले?’ असा हलका सूर असतो. मासींनी आपल्याशी असे बोलायला सुरुवात केली आहे, तेव्हा आपले गुजराती त्यांना आता परके वाटत नसावे.